तट्ट्यांच्या मठात भरलेली शाळा : धन्यवादित मदर एलिश्वा



८ नोव्हेंबर २०२५ रोजी केरळमधील वल्लारपाडम येथील मरियामातेच्या बसिलिकेत मदर एलिश्वा वाकयिल यांना ख्रिस्तसभेने ‘धन्यवादित’ म्हणून घोषित केले. आपल्या चांदा धर्मप्रांतातील भाविकांना संत कुरियाकोस एलियास चावरा यांचे नाव नवे नाही. १९६२ साली चांद्याचे मिशनक्षेत्र ज्या सी.एम.आय. संस्थेच्या हाती सोपवण्यात आले, तिच्या संस्थापकांपैकी ते एक होत. परंतु त्यांच्याच काळात, त्यांच्याच सहवासात, मुलींच्या शाळेचा पाया घालणाऱ्या या विधवा मातेची ओळख आपल्याकडे फार थोड्यांना आहे. म्हणून कुरखेडा, कोरची, धानोरा या वनभागातील पालक आणि शिकणाऱ्या मुली डोळ्यांसमोर ठेवून आम्ही हे चरित्र सादर करीत आहोत.

एलिश्वा हे नाव आपल्याला परके वाटेल, पण ते तसे नाही. आपल्या मराठी बायबलमधील अलीशिबा, म्हणजे योहान बाप्तिस्त्याची माता, तिचेच हे मल्याळी रूप. कोचीजवळ समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये वायपिन नावाचे लांबट बेट आहे. त्या बेटावरील ओच्चनतुरुत या गावी वैप्पिश्शेरी या सधन कुटुंबात १५ ऑक्टोबर १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. आठ भावंडांत त्या थोरल्या. १५ ऑक्टोबर हा आविलाच्या संत तेरेजा यांचा सणाचा दिवस. कार्मेलच्या या थोर संताशी आपले आयुष्य पुढे किती जोडले जाणार आहे, याची त्या घरात त्या दिवशी कोणाला कल्पना असणार! महाराष्ट्रातील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सावित्रीबाई फुले यांचा जन्मही १८३१ सालचाच, ३ जानेवारीचा. एकीने पुण्यात शेणाचे गोळे झेलत मुलींना अक्षर दिले. दुसरीने दक्षिणेकडे, अगदी वेगळ्या वाटेने, तेच केले. दोघींना एकमेकींचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

थोरल्या मुलीच्या वाट्याला जे येते ते एलिश्वा यांच्याही वाट्याला आले. धाकट्यांना सांभाळणे, घरातील संध्याकाळची प्रार्थना, आणि मग लग्न. १८४७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, कूनम्मावू येथील वाकयिल घराण्यातील वातरू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हे घराणेही खाऊनपिऊन सुखी होते. १८५० साली मुलगी झाली, तिचे नाव अन्ना. मुलगी पुरती चालायलाही लागली नसेल तोच, १८५१ साली, वातरू यांचे आजारपणात निधन झाले. एलिश्वा विशीत विधवा झाल्या.

त्या काळी आपल्या महाराष्ट्रातील उच्चवर्णीय हिंदू घरांत विधवेचे केशवपन होत असे आणि तिच्या पुनर्विवाहाची वाटच बंद होती. त्यासाठीचा कायदा १८५६ साली आला. केरळच्या ख्रिस्ती समाजात परिस्थिती याच्या उलट होती. तिथे तरुण विधवेचे दुसरे लग्न लावून देणे हेच नातलगांना आपले कर्तव्य वाटत असे. दोन्हीकडचे रिवाज एकमेकांच्या विरुद्ध, पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच होती : त्या बाईला स्वतःला काय हवे आहे, हे कोणी विचारीत नसे. एलिश्वा यांच्या माहेरच्यांनीही दुसऱ्या विवाहाचा आग्रह धरला. त्यांनी तो मानला नाही. भांडून नव्हे, रुसूनही नव्हे. त्यांनी नुसता नकार दिला आणि त्या नकारावर त्या ठाम राहिल्या.

पुढची पंधरा वर्षे चरित्रकार सहसा दोन-चार ओळींत उरकतात. त्या प्रार्थनेत मग्न होत्या, एकांतात बसत, दानधर्म करीत, एवढे सांगून लेखणी थेट मठाच्या स्थापनेवर जाते. आम्हांला मात्र वाटते की पुढच्या सगळ्या कार्याची मुळे याच पंधरा वर्षांत आहेत. त्या घरात विधवा एलिश्वा होत्या, वाढती अन्ना होती आणि एलिश्वा यांची धाकटी बहीण त्रेसियाही येऊन राहिली होती. तीन स्त्रियांचा तो संसार. मुख्य घराशेजारच्या एका लहानशा खोलीत एलिश्वा तासन्‌तास प्रार्थनेस बसत आणि चर्चमध्ये साक्रामेंतासमोर दीर्घकाळ थांबत. पण चूल पेटत होती, मूल वाढत होते, दारी आलेल्या गरिबाला रिकाम्या हाताने पाठवले जात नव्हते. लूकच्या शुभवर्तमानात मंदिर न सोडणारी वृद्ध विधवा हन्ना आपल्याला भेटते. एलिश्वा यांच्या मुलीचे नाव तेच, आणि आईचे जगणेही त्या हन्नाच्या वळणाचे. अन्नाने हे सारे लहानपणापासून पाहिले. मुलीच्या वयात आल्यावर स्थळे येऊ लागली तेव्हा तिनेही लग्नाला नकार दिला. आईने तिला तसे शिकवले होते असे आम्ही म्हणणार नाही. पण मुली घरात जे पाहतात ते शिकतात, हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक असते.

आता त्या काळच्या केरळविषयी थोडे सांगायला हवे. तिथे ख्रिस्ती धर्म प्राचीन. संत थोमाच्या परंपरेचा अभिमान बाळगणारी सुरियानी ख्रिस्तसभा, आणि पोर्तुगिजांच्या आगमनानंतर वाढलेली लॅटिन ख्रिस्तसभा, असे दोन मोठे प्रवाह. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे दोन्ही प्रवाह वरापुझा येथील एकाच धर्माधिकाऱ्याच्या देखरेखीखाली होते. एवढी जुनी ख्रिस्तसभा असूनही स्त्रियांसाठी एकही देशी मठ तिथे नव्हता. ज्यांना देवासाठी अविवाहित राहायचे असे त्या आपापल्या घरीच राहत, आणि भाऊ-भावजयांच्या मर्जीवर दिवस काढीत. शिक्षणाचे म्हणाल, तर प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी त्रावणकोरात मुलींसाठी काही शाळा त्यापूर्वीच काढल्या होत्या, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. कॅथलिक घरांतील मुली मात्र बहुतांशी अक्षराविना वाढत होत्या.

एलिश्वा यांनी आपल्या मनातील ओढ १८६२ साली ज्यांच्यापाशी उघड केली ते फादर लिओपोल्ड बेकारो हे इटालियन कार्मेलाइट धर्मगुरू. ते त्या वेळी कूनम्मावूच्या पुरुषांच्या मठात होते आणि एलिश्वा यांचे पापनिवेदन ऐकत. त्यांनी ही गोष्ट आर्चबिशप बर्नार्दिन बाचिनेल्ली यांच्या कानी घातली. १८६४ साली फादर चावराही कूनम्मावूला राहायला आले. संत चावरा यांच्याविषयी येथे विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. मन्नानम येथे १८४६ साली त्यांनी संस्कृत शाळा सुरू केली आणि छापखानाही चालू केला. सुरियानी ख्रिस्तसभेचे व्हिकर जनरल झाल्यावर प्रत्येक चर्चपाशी एक शाळा हवीच, असा त्यांनी आग्रह धरला. गरिबांची मुले उपाशीपोटी शिकत नाहीत हे जाणून त्यांनी घरोघरी रोजच्या स्वयंपाकातून मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची प्रथा पाडली. धानाच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्याला या मूठभर तांदळाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. अशा माणसाची गाठ एलिश्वा यांच्या पंधरा वर्षांच्या मौनाशी पडली.

१३ फेब्रुवारी १८६६ रोजी कूनम्मावू येथे पहिला मठ सुरू झाला. पक्क्या इमारतीसाठी पैसा नव्हता. म्हणून वाकयिल घराच्या जमिनीवर बांबूच्या तट्ट्यांच्या भिंतींची झोपडी उभारली गेली. मल्याळी भाषेत ती आजही ‘पनंबु मठम्’ म्हणजे तट्ट्यांचा मठ या नावाने ओळखली जाते. शहरातील वाचकाला यात काव्य दिसेल. कुरखेड्याच्या वाचकाला तसे काही दिसणार नाही. बुरडाने विणलेला तट्टा, पावसाळ्यात त्याला येणारा कुबट वास, फटींतून शिरणारा वारा आणि रात्री त्यामागे खुसफुसणारे उंदीर हे सारे त्याच्या परिचयाचे आहे. त्या झोपडीत पहिल्यांदा राहायला गेल्या त्या एलिश्वा, त्यांची मुलगी अन्ना, बहीण त्रेसिया आणि क्लारा नावाची आणखी एक तरुणी. पहिल्या तिघी लॅटिन परंपरेच्या, क्लारा सुरियानी परंपरेतील. एकाच छपराखाली दोन परंपरा नांदू लागल्या. त्या वेळी याचे कोणाला विशेष वाटले नाही. पुढे मात्र याच गोष्टीने त्या घराची कसोटी पाहिली.

एलिश्वा तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या. भरल्या घरातून निघून, स्वतःच्या मुलीबरोबर, एकाच नियमाखाली राहायचे. मुलीने आईला आई म्हणून नव्हे तर वरिष्ठ भगिनी म्हणून हाक मारायची! आध्यात्मिक जीवनातील मोठमोठ्या त्यागांविषयी आपण पुष्कळ वाचतो, पण हा छोटा त्याग आमच्या मनाला अधिक भिडतो. पुढे पक्की इमारत झाली, पोशाख मिळाला, व्रते झाली, आणि एलिश्वा या घराच्या वरिष्ठ झाल्या. केरळातील स्त्रियांसाठीची ही पहिली देशी संन्यस्त संस्था.

१८६८ साली या मठाला जोडून मुलींची शाळा आणि वसतिगृह सुरू झाले.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण या चरित्राचा खरा गाभा आमच्या मते येथे आहे. त्या शाळेत काय शिकवीत? लिहिणे-वाचणे आणि धर्मशिक्षण तर होतेच. त्याबरोबर शिवणकाम, भरतकाम, जपमाळा गुंफणे, घरकामातील नीटनेटकेपणा. आजच्या काही सुशिक्षित मंडळींना सुई-दोऱ्याचा उल्लेख खटकतो. मुलींना पुन्हा चुलीपाशीच बसवले, असे त्यांना वाटते. पण ज्या मुलीने आजवर पैसा हातात धरला नव्हता तिला आपल्या बोटांच्या कामाचे मोल होते हे कळणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. अनाथ मुलींसाठी तर तोच उद्याच्या भाकरीचा आधार होता. या घरात सधन कुटुंबांतील मुली येत आणि निराधारही येत. शिकवणाऱ्या भगिनी काही पदवीधर नव्हत्या. त्यांतील बऱ्याच जणींना आधी स्वतः शिकावे लागले, आणि मग जे शिकल्या ते त्यांनी पुढे दिले. विद्यार्थिनी आणि शिक्षिका यांच्यातील अंतर त्या घरात फार नसावे.

याच १८६८ साली फादर चावरा यांनी आपल्या कैनकरी या जन्मगावच्या कुटुंबांना एक पत्र लिहिले, जे पुढे ‘सुजाण पित्याचे मृत्युपत्र’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाले. कुटुंबाने कसे जगावे, देणेघेणे कसे करावे, हे त्यात आहेच. परंतु मुलांना वेळेवर शाळेत घालावे आणि त्यांचा अभ्यास कसा चालला आहे, त्यांची संगत कोणाची आहे, याची पालकांनी नियमित विचारपूस करावी, असेही त्यांनी बजावले. मुलाला शाळेत टाकले की आपली जबाबदारी संपली, असे मानणारे पालक त्या काळीही होते, हे यावरून उघड आहे.

वसतिगृह म्हणजे काय, हे ज्यांनी आतून पाहिले आहे त्यांनाच कळते. आपल्या भागात जूनच्या अखेरीस शाळा उघडल्या की कुरखेड्याच्या बसथांब्यावर पत्र्याची पेटी, गुंडाळलेली सतरंजी आणि पाण्याने भरलेले डोळे घेऊन बापाच्या मागे उभ्या असलेल्या मुली दिसतात. तेंदूपत्त्याच्या हंगामात आलेल्या पैशांतून वह्या आणि चपला घेतलेल्या असतात. मुलगी गोंडी बोलते, शेजारच्या खाटेवरची छत्तीसगढी, तिसरीची झाडीबोली. पुस्तकातील मराठी तिघींनाही सारखीच परकी. दोन महिन्यांत तिघींची मिळून एक चौथीच बोली तयार होते, जी बाहेरच्या कोणाला कळत नाही. रविवारी मिस्सा आटोपली की ओट्यावर रांगेने बसून एकमेकींच्या डोक्याला तेल लावणे, वेण्या घालणे, उवा काढणे. एकीला घरून आलेला खाऊ अकरा जणींत वाटणे. तापलेल्या मैत्रिणीच्या उशाशी रात्री आळीपाळीने बसणे. स्नेहसंमेलनात रेला नाचताना हातात हात गुंफून घेतलेला फेर. गणित आणि इंग्रजी विसरले तरी हे विसरत नाही. ज्या स्त्रिया वीस-तीस वर्षांपूर्वी अशा घरांतून शिकून गेल्या, त्यांच्याशी बोलताना आम्हांला नेहमी हाच अनुभव येतो.

आणि धास्तीही तिथेच असते. जुलैत रोवणीला हात कमी पडतात, तेव्हा मुलीला घरी बोलावणे येते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, नाटके रंगतात, मुली आनंदाने घरी जातात. त्यांतली एखादी परत येत नाही. मोहफुलाच्या दिवसांत पुन्हा तेच. वसतिगृह सांभाळणाऱ्या भगिनी हजेरीपटावरून बोट फिरवतात आणि एका नावापाशी थांबतात. कोणी सांगते, लग्न ठरले. दहावीला चार महिने उरलेले असतात. एलिश्वा यांच्या काळात कूनम्मावूलाही याहून वेगळे काही नसणार. मुलीला घराबाहेर ठेवून शिकवायचे, तेही पुरुषाच्या देखरेखीशिवाय राहणाऱ्या बायकांच्या हाती सोपवून, हे पालकांच्या पचनी पडायला त्या बायकांवर विश्वास बसावा लागतो. पंधरा वर्षे कूनम्मावूच्या लोकांनी या विधवेचे वागणे पाहिले होते. शाळेला मिळालेले पहिले भांडवल हेच होते, असे आम्हांला वाटते.

त्या वसतिगृहाचे फळ काय, असे कोणी विचारील तर एकच नाव सांगतो. त्रिशूर भागातील काट्टूर गावची, १८७७ साली जन्मलेली रोझा एलुवत्तिंगल ही मुलगी १८८८च्या सुमारास कूनम्मावूच्या वसतिगृहात दाखल झाली. वडील जमीनदार, मुलीचे लग्न श्रीमंत घरात करून द्यायचा त्यांचा बेत होता. मुलीची ओढ मठाकडे. धाकट्या बहिणीचा अकाली मृत्यू झाला तेव्हा वडिलांचे मन पालटले आणि त्यांनी स्वतःच रोझाला कूनम्मावूला आणून सोडले. मुलगी प्रकृतीने अगदी नाजूक. एकदा तिचा आजार इतका वाढला की तिला घरी परत पाठवावे, असे भगिनींनी ठरवले. त्या वेळी पवित्र कुटुंबाचे दर्शन होऊन तिला आराम पडला, असे तिच्या चरित्रात सांगितले आहे. हीच रोझा पुढे सिस्टर युफ्रेसिया झाली, आणि २३ नोव्हेंबर २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिला व फादर चावरा यांना एकाच समारंभात संतपद बहाल केले. घरी पाठवायच्या यादीत नाव गेलेली, सदा आजारी, अभ्यासात चमकेल की नाही याची शाश्वती नसलेली विद्यार्थिनी! वसतिगृहात दाखल होणाऱ्या मुलींच्या मुलाखती घेणाऱ्यांनी हे उदाहरण मनाशी बाळगावे, एवढेच सुचवतो.

रोझा तिथे आली तेव्हा मदर एलिश्वा त्याच घरात होत्या. आधाराची माणसे मात्र एकेक करून दूर झाली होती. फादर चावरा ३ जानेवारी १८७१ रोजी कूनम्मावूलाच देवाघरी गेले. काही वर्षांनी फादर लिओपोल्ड मायदेशी परतले. ज्यांनी नियम लिहिले, सल्ला दिला, वरिष्ठांकडे शब्द टाकला, ते कोणी उरले नव्हते. शाळा, वसतिगृह, अनाथ मुली, नवदीक्षित तरुणी, सारे मदर एलिश्वा यांच्या खांद्यावर आले आणि त्यांनी ते वर्षानुवर्षे निभावले.

१८८७ साली पवित्र सिंहासनाने केरळच्या सुरियानी ख्रिस्तसभेला लॅटिन धर्माधिकाऱ्यांपासून वेगळे करून तिच्यासाठी त्रिशूर व कोट्टायम असे दोन व्हिकरिएट स्थापन केले. सुरियानी ख्रिस्ती लोक याची पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहत होते. आपला चांदा धर्मप्रांत त्याच सीरो-मलबार परंपरेतला. तेव्हा हा निर्णय किती न्याय्य होता हे आम्ही वेगळे सांगायला नको. नागपूर वा वसईचे आपले बांधव लॅटिन परंपरेचे आहेत आणि आपण एकमेकांच्या घरी, एकमेकांच्या वेदीपाशी सहज जातो-येतो. त्यामुळे त्या काळची ताणाताण आज आपल्याला नीटशी उमजत नाही. पण न्याय्य निर्णयाचीही किंमत कोणाला तरी मोजावी लागते. कूनम्मावूचा मठ नव्या सुरियानी व्यवस्थेकडे गेला. तिथल्या भगिनी मात्र दोन्ही परंपरांच्या होत्या. चोवीस वर्षे एकत्र जेवलेल्या, एकत्र प्रार्थना केलेल्या, एकाच वर्गात शिकवलेल्या. १७ सप्टेंबर १८९० रोजी लॅटिन भगिनींना ते घर सोडावे लागले. त्यांत मदर एलिश्वा होत्या, अन्ना होती, त्रेसिया होती.

तट्ट्यांची झोपडी जिथे उभी राहिली होती, जी जागा त्यांच्याच सासरच्या घराची होती, तिथून त्या बाहेर पडल्या. वय एकोणसाठीला टेकलेले. त्यांनी दाद मागितली नाही, कोणाला दोष दिला नाही; निदान तसे काही नोंदलेले नाही. त्या मौनाला नुसते आज्ञापालन म्हणून मोकळे होणे आम्हांला जड जाते. वाडा पाडला तर पुन्हा बांधता येतो. पण वसतिगृहातील मुलींच्या मनात एकदा का आपली आणि परकी ही रेघ ओढली गेली की ती पुसायला आयुष्य पुरत नाही. रोझाला त्या वेळी तेरावे वर्ष पुरे व्हायला महिनाच उरला होता, आणि ती त्याच घरात शिकत होती. सकाळी ज्या मदर प्रार्थनेला पुढे असत त्या संध्याकाळी नाहीत, हे त्या मुलींना कसे सांगितले गेले असेल? मदर एलिश्वा जाताना कलह मागे ठेवून गेल्या असत्या तर त्याची झळ सर्वांत आधी त्या मुलींना लागली असती. त्यांनी तो ठेवला नाही. कूनम्मावूची शाळा चालू राहिली, वसतिगृह चालू राहिले, आणि १८९७ साली रोझा त्याच घरातून निघून अंबळक्काडच्या नव्या मठात दाखल झाली.

मदर एलिश्वा वरापुझा येथे गेल्या. आर्चबिशप लिओनार्द मेल्लानो यांनी त्यांना आश्रय दिला. तिथे संत योसेफाच्या नावाने मठ झाला, आणि पुन्हा तेच सारे मुळापासून : मुली गोळा करणे, पालकांना समजावणे, शाळा, वसतिगृह, अनाथांची सोय. चौतिसाव्या वर्षी जे केले ते साठीत पुन्हा करायचे. या वेळी पाठीशी चावरांसारखा मार्गदर्शक नव्हता. पण तट्ट्यांच्या घरात राहून शिकलेल्या दोघी, मुलगी आणि बहीण, सोबत होत्या. १८ जुलै १९१३ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी, वरापुझा येथे मदर एलिश्वा यांनी देह ठेवला.

एका झोपडीतून निघालेल्या त्या समूहाच्या आज दोन मोठ्या संस्था आहेत. सुरियानी शाखा सी.एम.सी. म्हणून आणि लॅटिन शाखा सी.टी.सी. म्हणून ओळखली जाते. सी.एम.सी. भगिनी संत चावरा व फादर लिओपोल्ड यांना आपले संस्थापक मानतात, सी.टी.सी. भगिनी मदर एलिश्वा यांना संस्थापिका मानतात. खरा संस्थापक कोण, यावर केरळात पुष्कळ शाई खर्च झाली आहे. इतिहासकारांनी तो विचार अवश्य करावा. मात्र एका गोष्टीकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. अनेक दशके या कथेत दोन धर्मगुरूंची नावे ठळक अक्षरांत आणि त्या विधवेचे नाव तळटीपेत येत असे. आम्ही स्वतः धर्मगुरू आहोत. म्हणून हे म्हणण्याचा थोडा अधिकार आम्हांला आहे. नियम लिहिणारे आणि परवानगी मिळवणारे हात आवश्यक होते, परंतु मुली ज्यांच्या भरवशावर आल्या ते हात दुसरे होते.

८ नोव्हेंबर २०२३ रोजी ख्रिस्तसभेने मदर एलिश्वा यांना पूजनीय घोषित केले, आणि बरोबर दोन वर्षांनी त्या धन्यवादित झाल्या. केरळच्या लॅटिन ख्रिस्तसभेतून वेदीचा हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. कूनम्मावू आणि वरापुझा ही दोन्ही ठिकाणे एर्नाकुलम जिल्ह्यात, एकमेकांपासून जवळच आहेत. आपल्या भागातून दरवर्षी यात्रेकरू मन्नानमला संत चावरा यांच्या आणि भरणंगानमला संत अल्फोन्सा यांच्या समाधीच्या दर्शनाला जातात. एर्नाकुलम स्थानकावर उतरणाऱ्यांनी एक दिवस राखून ठेवला तर सकाळी कूनम्मावू आणि दुपारी वरापुझा असे सहज करता येते. सोबत शाळेत शिकणाऱ्या मुलींना अवश्य न्यावे.